दोन लाल ठिपके

हन्ना पाटोळे यांच्या निरोप समारंभाचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण दवाखान्यात मराठीत एम.ए. केलेला मी एकटाच. मी नोंदणीच्या टेबलावर बसतो. त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. नगरात बत्तीस वर्षं नोकरी. डब्यातली अर्धी भाकरी मला देत आणि माझ्या कवितांना हसत.

मानपत्रात त्यांची काटकसर यायलाच हवी होती. ऑपरेशनच्या निर्जंतुक सामानाची मुदत संपलेली पाकिटं त्या टाकू देत नसत. किरण मारून आणायला पुन्हा पाठवत. किरणांनी जंतू मरतात आणि पाकिटावरचा पिवळा ठिपका लाल होतो. लाल ठिपका म्हणजे माल शुद्ध, हे त्या प्रत्येक नव्या सिस्टरला शिकवत.

आठ वर्षांपूर्वी तीन वाट्यांची मुदत संपली होती. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकच्या, तळहातात मावणाऱ्या. खुबा बदलताना धातूचा गोळा या वाटीत बसवतात, तो तिच्यात फिरतो. सिस्टरनी त्या वाट्याही पाठवल्या. परत आल्या तेव्हा जुन्या ठिपक्याशेजारी दुसरा लाल ठिपका होता. दुप्पट शुद्ध, असं सगळे म्हणाले. तेव्हाच्या डॉक्टरांनी सही केली. त्या वर्षी सिस्टरना शाल मिळाली.

या मार्चमध्ये तिसगावच्या राहीबाई आल्या, पूर्वी इथेच खुबा बदललेल्या. खुबा इतका दुखत होता की पाऊल टेकवत नव्हतं. ऑपरेशनमध्ये आतली वाटी फुटलेली निघाली. नवी बसवली. काढलेले भाग धुवायचं काम सिस्टरचं. त्या स्टीलचा ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वाटीची कड पिवळी पडली होती. त्यांनी नखाने दाबलं. टवका निघाला.

“करण, सतरा सालचं रजिस्टर काढ,” त्या म्हणाल्या.

रजिस्टरात पाकिटांची लेबलं चिकटवलेली होती. राहीबाईंची वाटी दोन ठिपक्यांची होती. दुसरी देवळाली प्रवराच्या आप्पासाहेबांना बसवलेली. तिसरी अजून कपाटात.

आमच्या नव्या हाडाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. किरण जंतूंना मारतात, तसेच प्लॅस्टिकचे लांब धागेही तोडतात. तुटलेल्या टोकांशी हवेतला ऑक्सिजन हळूहळू भिडतो. वर्षं जातात, वरून काही दिसत नाही आणि प्लॅस्टिक कडक होऊन ठिसूळ होतं. हल्ली हवा काढलेल्या पाकिटात ठेवून एकदाच किरण देतात, म्हणून ते टिकतं. या वाट्यांची पाकिटं जुन्या पद्धतीची, आत हवा शिरणारी. त्यात त्या दोनदा भाजलेल्या.

मग ते म्हणाले की आप्पासाहेबांची काही तक्रार नाही. उगाच घाबरवू नये. सिस्टरच्या नोकरीचे तीन आठवडे उरलेत, ते नीट जाऊ द्यावेत.

सिस्टरनी कपाटातली वाटी काढून कुलपात ठेवली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मला सोबत घेतलं. एसटीत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. राहुरी फॅक्टरीवर उतरून रिक्षा केली.

आप्पासाहेब ट्रॅक्टरवरून उतरतच होते. सत्तरी उलटलेली, पण काठी नव्हती. सिस्टरला पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांच्या बायकोला, बनुबाईंना, त्यांनी हाक मारली आणि मला सांगितलं की या बाईंनी त्यांना चालतं केलं. सिस्टर बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटी कुणी पाठवली हेही. डॉक्टरांच्या सहीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

आप्पासाहेब उठून गोठ्यामागे गेले. ठिबकची जुनी नळी घेऊन आले. काही उन्हाळे उन्हात पडलेली. दोन्ही हातांनी वाकवली. काडीसारखी मोडली.

“आसं झालंय म्हनता आतमंदी?”

“झालं असेल. फोटो काढल्याशिवाय कळणार नाही.”

“अन् तुमी रिटायर कधी?”

“महिनाअखेरीस.”

“मंग तवर गप बसायचं हुतं की. कोन इचारतंय?”

“तोवर तुम्ही ट्रॅक्टरवरून पडला असता तर?”

बनुबाईंनी चहा आणला होता. त्यांनी तो सिस्टरसमोर ठेवला नाही, माझ्यासमोर ठेवला. आप्पासाहेबांनी ते पाहिलं. स्वतःच्या हाताने कप उचलून सिस्टरना दिला.

“शाल माघारी घेत्याल काय वो तुमची?” त्यांनी विचारलं.

सिस्टर हसल्या नाहीत. पण चहा प्यायल्या.

आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले. फोटोत गोळा वाटीत एका बाजूला सरकलेला दिसला. वाटी झिजली होती, फुटली नव्हती. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ती बदलली गेली. धुवायला सिस्टरनीच मागून घेतली. नखाने दाबून पाहिली. टवका निघाला. राहीबाईंच्या वाटीशेजारी ती एका बरणीत ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: “मुदत संपली की टाकून द्या. पुन्हा किरण देऊ नका.” खाली स्वतःचं नाव. नव्या सिस्टरना आता हीच बरणी दाखवतात.

मानपत्रात मी हे सगळं लिहिलं होतं. छापताना ते गाळलं गेलं, काटकसर तेवढी राहिली. म्हणून इथे लिहिलं.

समारंभाला आप्पासाहेब वॉकर घेऊन आले होते. सिस्टरना शाल पांघरायला मंचावर माणूस कमी पडला, तेव्हा तेच पुढे झाले.