ही इंग्रजी कुठल्या गावची?

माझ्या सासऱ्यांइतका अमेरिकेवर चिडलेला माणूस अख्ख्या आखातात सापडला नसता. त्यांचा राग तिथल्या राजकारणावर नव्हता, लढायांवर नव्हता. अमेरिकन लोक आपापल्या मुलखातले लेखक वाचत नाहीत, एवढ्यासाठी ते कायम उकळत असत. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि अमेरिकेच्या डोंगरांत, माळांवर, आडबाजूच्या गावांत बसून लिहिणाऱ्यांचा अभ्यास केला. अमेरिका मात्र कधी पाहिली नाही. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे बहारीनला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे नावापुरते होते आणि बाकी सगळी पुस्तकं होती. विमानतळावरच्या माणसानं वजनाबद्दल काही विचारलं, तर त्यालाही रागानं एका लेखिकेची माहिती मिळाली.

'प्रादेशिक' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. केंटकीच्या डोंगरातल्या एका विस्मृतीत गेलेल्या लेखिकेवरचा त्यांचा लेख कुणा संपादकानं 'विषय फारच प्रादेशिक' म्हणून परत पाठवला होता. तो संपादक वारून बरीच वर्षं झाली असतील, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याला रोज नव्यानं मरावं लागे. एकदा सीफ भागातल्या माझ्या बँकेतले साहेब जेवायला आले होते. श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात जातो न जातो तोच सासऱ्यांनी विचारलं, "न्यूयॉर्कच्या एका गल्लीवर लिहिलं की ते अमेरिकन साहित्य, आणि अख्ख्या डोंगरावर लिहिलं की प्रादेशिक. तुम्हीच सांगा, गल्ली मोठी की डोंगर?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच "डोंगर" म्हणाले. पुन्हा ते आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

मॉलमध्ये त्यांना नेणं म्हणजे तर परीक्षाच. गोरा माणूस दिसला की हे त्याचं राज्य विचारणार, मग जिल्हा, मग तिथल्या लेखकांची नावं स्वतःच सांगणार आणि त्यानं एकही ऐकलेलं नाही म्हणून त्याला झापणार. बिलाच्या रांगेत सापडलेला नेब्रास्काचा एक धिप्पाड गडी शेवटी "येस सर, वाचतो सर" म्हणाला, आणि मी चॉकलेटांचे दर वाचत उभी राहिले. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहून रागावू नका म्हणून बजावलं, तर वाटेत त्याचाच राग. नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, याचाही राग, पण त्याचीही तऱ्हा निराळी. "इंग्रजी बोल, माझी ना नाही," ते तिला म्हणत, "पण ही इंग्रजी कुठल्या गावची? हिला गावच नाही." खरं सांगते, मलाही त्यांचा राग यायचा. दिवसभर ऑफिसात लोकांची बोलणी ऐकून घरी यावं, तर इथे केंटकी पेटलेलं.

अशात मुलीच्या शाळेत पालकसभा होती आणि ते हट्टानं सोबत आले. मुलीच्या वर्गशिक्षिका अमेरिकन, साधारण पन्नाशीच्या, बातम्या सांगतात तसं स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीचं गणित सांगायला घेतलं आणि सासऱ्यांनी राज्य विचारलं. केंटकी, म्हणाल्या. यांचा आवाज चढला. जिल्हा सांगितला, तसं यांनी त्या लेखिकेचं नाव घेतलं आणि मी डोळे मिटून घेतले.

बाईंनी मुलीची वही मिटली. मग म्हणाल्या की ती लेखिका पलीकडच्या खोऱ्यातली. आजी तिला ओळखायची आणि आजी बोलायचीही अगदी तिच्या गोष्टींतल्यासारखं. "मीही तसंच बोलायचे. कॉलेजात सगळे हसायचे, मग मी ते सोडून दिलं."

सासरे ताडकन उठले. "हसले म्हणून सोडून दिलंत? आणि मी इतकी वर्षं कुणाची भाषा पोरांना शिकवत होतो?" मागे थांबलेले पालक बघायला लागले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला, पिशवीतून त्या लेखिकेचं पुस्तक काढलं आणि बाईंसमोर उघडून ठेवलं. "वाचा. मी हे कधी कानांनी ऐकलेलं नाही."

बाई नको म्हणाल्या. मग कशा कोण जाणे, वाचू लागल्या. पहिल्या दोन ओळी शाळेतल्याच स्वच्छ आवाजात होत्या. तिसऱ्या ओळीला आवाज सैल झाला, शब्द लांबले, वाकले, एकमेकांत मिसळले, आणि त्या खुर्चीत जणू दुसरीच कुणी बाई येऊन बसली. पान संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. सासरे उभेच होते. ते हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा, प्लीज." त्यांच्या तोंडून प्लीज मी पहिल्यांदाच ऐकलं.

परतताना गाडीत ते कुणावरच चिडले नाहीत, याचीच मला धास्ती वाटली. सित्र्याच्या बाजूचा रिफायनरीचा धूर दिसू लागला तेव्हा त्यांनी गावी थोरल्या बहिणीला फोन लावायला सांगितला. या माणदेशातल्या बहिणीशीसुद्धा ते पुस्तकातलं मराठी बोलत. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. गाडीच्या स्पीकरवर म्हातारीचा आवाज आला.

"आक्का, कशी हाईस गं? जेवलीस का न्हाई?" सासरे म्हणाले.



"कोन बोलतंय?" तिनं विचारलं.

सासरे खिडकीबाहेर बघत होते. "मी हाय," ते म्हणाले. "आगं, मीच हाय."