पायाखाली बघत जावा

अक्काचा फोन आला तेव्हा मी बारामतीत गॅरेजवाल्याशी हुज्जत घालत होतो. नवी क्लच प्लेट टाकूनही माझ्या जुन्या गाडीचा गियर अडत होता. "आरं, तुझं दाजी गेलं…" एवढंच ती बोलली. लासुर्ण्याला तिच्या घरी निघालो, तर निम्म्या वाटेत पहिला गियर पडेना. मागे हॉर्न वाजत होते आणि मी रडत रडत गाडीला शिव्या देत होतो.

दाजींची हयात कारखान्याच्या ट्रॅक्टरांवर गेली. गाडी घेतली तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडेच गेलो होतो. अक्काने जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी शिवून ठेवली होती. "शेतातनं येतुयास, चिखुल व्हईल," म्हणत तिने ती स्वतः माझ्या पायाखाली अंथरली. पुढच्याच खेपेला मी गियरची तक्रार घेऊन गेलो. दाजी शेजारी बसले. "बंद करा. आता टाका गियर." सगळे गियर अलगद पडले. "आता चालू करून टाका." कर्रकन आवाज आला. ते वाकले, माझ्या पायांकडे पाहिलं, मग दारात उभ्या अक्काकडे… आणि म्हणाले, "मास्तर, गियरबॉक्सला काय बी झालं न्हाय. तुमी जरा पायाखाली बघत जावा."

मला ते झोंबलं. मास्तर गाडीत बसायला लागला, आता जमिनीवर येत नाही, असं भावकी बोलतच होती. आता दाजीही? "मला शिकवू नका," म्हणालो आणि निघालो. नंतर त्यांचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. गॅरेजं मात्र पालथी घातली. तिथे गाडी शहाण्यासारखी वागायची. पोरं गोधडी काढून मागच्या सीटवर टाकायची आणि मी ती पुन्हा नीट अंथरून घरी यायचो.

चौदाव्यानंतर शेळगावला घरी आलो. गोधडी चिखलाने भरली होती, म्हणून धुऊन वाळत टाकली आणि तशीच गाडी काढली. गियर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मी खाली पाहिलं. इतके दिवस गोधडी गोळा होऊन क्लचखाली अडकत होती, तो पुरता दबतच नव्हता.

राग येतो मला त्यांचा. सरळ 'गोधडी काढा' म्हणायला काय झालं होतं? बायकोने हौसेने शिवलेली, तिच्यादेखत कशी नावं ठेवायची, एवढाच विचार केला असेल त्यांनी. कदाचित फोनही त्यासाठीच केले असतील. ते न उचलणाऱ्या माझा राग त्याहून जास्त येतो, आणि तो कुठे काढायचा ते कळत नाही.

गोधडी आता मी डाव्या बाजूला अंथरतो, दाजी बसले होते तिथे. परवा अक्काला दवाखान्यात नेताना तिने गोधडीवर पाय ठेवले. "गियर पडतुय का रं आता?"

"पडतोय."

"कुणी काढला फॉल्ट?"

"दाजींनी," म्हणालो. तिने कधी, ते विचारलं नाही.