व्याह्यांचे बूट आणि माझे पणजोबा

होणाऱ्या व्याह्यांच्या बुटांवर मी वाइन ओतली, ती पूर्ण अभ्यास करून.

आमच्या केतकीने ओचेशी लग्न ठरवलं. ओचे नायजेरियातल्या इडोमा लोकांपैकी. शिकागोत राहणारे त्याचे आईबाबा जवळच शॉमबर्गला आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. केतकीने एकच बजावलं होतं, "बाबा, प्लीज, नॉर्मल वागा." (ते मला जमत नाही, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.)

माझी आठवडाभर झोप उडाली. इडोमा लोक पूर्वजांना फार मानतात, त्यांना 'अलेकू' म्हणतात, शुभप्रसंगी त्यांच्यासाठी जमिनीवर थोडी दारू ओततात, असं सगळं वाचून काढलं. येरझाऱ्या घालत पाण्याने तीनदा तालीमही केली. "अहो, त्यांना विचारा तरी आधी," माझी बायको मंजू म्हणाली. विचारायचं कशाला? मी इंजिनिअर माणूस, डॉक्युमेंटेशन वाचलं होतं!

पाहुणे दारात आले. माझ्या उजव्या हातात टिपणांचा कागद, म्हणून बाटली डाव्या हातात. "अलेकू!" म्हणालो आणि ओतली. नजर कागदावर होती. अर्धी पायरीवर, अर्धी व्याह्यांच्या बुटांत. विहीणबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. केतकीने डोळे मिटले. लग्न मोडलं, हे मला स्वच्छ दिसलं.

व्याही शांतपणे म्हणाले की त्यांचे वडील ख्रिस्ती झाले, तेव्हाच घरातलं हे ओतणं बंद झालं. नायजेरियातल्या गावच्या चर्चमध्ये व्याही स्वतः वीस वर्षं लोकांना हेच सोडायला सांगत होते. आता घरातल्या गेलेल्या माणसांची नावं दर नोव्हेंबरमध्ये चर्चला द्यायची, त्यांच्यासाठी प्रार्थना होते.

मी खाली बसून पेपर टॉवेलने त्यांचे मोजे टिपत सॉरी म्हणत राहिलो. तेव्हा ते वाकून हळूच म्हणाले, "आणि डाव्या हाताने? माझ्या आजोबांनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं." मग खदाखदा हसले. माझा जीव भांड्यात पडला.

जेवताना त्यांनी आपल्या सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली आणि म्हणाले, "आता आपण नातेवाईक. यंदा तुमच्याही पूर्वजांची नावं देतो. तुमचे पणजोबा?"

मी वरणात चमचा फिरवत राहिलो. शेवटी सुचलं ते नाव सांगितलं. (नंतर पुण्याला भावाला फोन केला, त्यालाही माहीत नव्हतं.)

तेव्हापासून दर नोव्हेंबरला शिकागोतल्या एका चर्चमध्ये कुणा गणपतरावांच्या आत्म्यासाठी प्रार्थना होते. परवा व्याही म्हणाले, गणपतरावांचा एखादा फोटो असेल तर द्या.

मी पुन्हा अभ्यासाला लागलोय.