रशियाची चाल आणि माझं आभारप्रदर्शन

आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळात कुणाचेही आईवडील भारतातून आले, की त्यातले वडील हमखास वक्ते निघतात. गेल्या दिवाळीत असेच एक सर मिल्टन कीन्सहून आले. पुण्याहून तिथे नातवाच्या बारशाला आले होते, बारसं उरकलं आणि मग ते मोकळेच होते. फराळाआधी त्यांचं व्याख्यान ठेवलं: 'अरब जगातली उलथापालथ आणि रशियाची चाल'. आभारप्रदर्शन माझ्याकडे. ते नेहमी माझ्याकडेच असायचं, कारण मी कुणाला विसरत नाही. आमच्याकडे भाषण कसंही झालेलं चालतं, पण आभारात एखादीचं नाव राहिलं, तर पुढच्या दिवाळीला तिच्या चकल्या येत नाहीत.

माझ्याबरोबर आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली सीरियन डॉक्टर होती. व्याख्यानाचा विषय मी सहज बोलून गेले, तर ती म्हणाली, "मी येऊ का? मला त्यांना एक विचारायचंय." तिच्या धाकट्या भावाला जुन्या राजवटीच्या माणसांनी घरातून उचलून नेलं होतं. पुढे ती राजवट कोसळली, तुरुंग उघडले, लोक बाहेर आले. हा आला नाही. राष्ट्राध्यक्ष मात्र विमानात बसून मॉस्कोला पोचला आणि रशियाने त्याला ठेवून घेतलं. तिची आई तिकडे गावीच आहे. मुलगा गेल्याचं नक्की कळल्याशिवाय ती त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना म्हणू देत नाही. कुठे पुरलंय एवढं तरी कोणी सांगा, एवढंच तिचं मागणं.

सरांनी नकाशा लावला. इथल्या मुलांना कळावं म्हणून ते निम्मं इंग्रजीतच बोलत होते, त्यामुळे तिलाही बरंचसं समजत होतं. लेझरचा लाल ठिपका सीरियावर नाचवत सर म्हणाले, "रशियाने काय केलं बघा. ज्यांच्यावर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले, त्यांच्याच हातात सत्ता आल्यावर त्यांना मॉस्कोला बोलावून शेकहँड केला! जुना माणूस घरात, नवा माणूस टेबलाशी, आणि भूमध्य समुद्रावरचा तळ सेफ! धिस इज कॉल्ड फॉरिन पॉलिसी."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी "मानलं पाहिजे बुवा!" म्हणत मांडीवर थाप मारली. कचऱ्याचा डबा एक दिवस उचलला नाही तर कौन्सिलला लांबलचक ईमेल लिहिणारे हे गृहस्थ. ते बॉम्ब घरांवर पडले, दवाखान्यांवर पडले, आणि आमची मंडळी मॅच जिंकल्यासारखी खूश. एकदा रशियाला 'आपला जुना मित्र' म्हटलं, की त्याला सात खून माफ.

मग प्रश्नोत्तरं झाली. आमच्याकडे प्रश्न कोणी विचारत नाही, जो तो आपलं छोटं व्याख्यान देतो. एकाने स्वतःच्या मॉस्को ट्रिपचं वर्णन केलं. त्यानंतर ती उभी राहिली.

"तो माणूस मॉस्कोत आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "त्याच्या तुरुंगात मेलेल्यांना कुठे पुरलं, हे त्याला आणि त्याच्या लोकांना माहीत असणार. रशिया त्याला कधीतरी परत देईल का? निदान आम्हाला विचारू देईल का?"

सर प्रसन्न हसले. "एक्सलंट क्वेश्चन! मॅडम, ही इज अ कार्ड. हातातला हुकमाचा पत्ता कोणी फुकट टाकतं का? योग्य वेळ आली की दे विल प्ले हिम." मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बिचारी इमोशनल झाली, साहजिक आहे." आणि पुढचा प्रश्न घेतला. तो रशियाच्या तेलाबद्दल होता.

माझ्या मागून एक बाई पुटपुटल्या, "कशाला आणायचं ग असं कुणाला, दिवाळीचं?"

मला शिसारी आली. रशियाची तर येतेच. लोकांवर विमानं सोडायची, त्यांना छळणाऱ्याला आसरा द्यायचा, आणि उरलेल्यांकडे पुन्हा बंदर मागायला जायचं. पण तो देश हे निदान स्वतःच्या फायद्यासाठी करतो. आमच्या हॉलमधल्यांच्या पदरात काय पडणार होतं? दुसऱ्याच्या निर्लज्जपणाला हुशारी म्हणून वाहवा करायची, आणि त्या हुशारीत भाऊ गमावलेली बाई समोर उभी राहिली की तिला इमोशनल म्हणायचं!

मी माइकपाशी गेले. हॉलच्या केअरटेकरचे आभार मानले. रांगोळी काढणाऱ्या मुलींचे, साउंडवाल्याचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, शंकरपाळ्या, करंज्या आणि चिवडा करणाऱ्या प्रत्येकीचे नाव घेऊन मानले. सीरियाहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने आमच्यात येऊन प्रश्न विचारला, म्हणून तिचेही मानले. आणि म्हणाले, "चला मंडळी, फराळ तयार आहे."

सरांनी नमस्कारासाठी हात जोडायला घेतले होते, ते तसेच अर्धवट राहिले. शाल आणि नारळ ट्रेमध्येच होते. सेक्रेटरी धावत माझ्याजवळ आला. "अहो ताई, सर राहिले!"

"मला माहीत आहे," मी माइकवरच म्हणाले.

आता मंडळाने आभारप्रदर्शन दुसऱ्या कोणाकडे तरी दिलंय. आनंद आहे.

फराळाला आम्ही थांबलो नाही. गाडीत बसतोय तोच तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. भारतातून रशियाचे मोठे जाणकार आलेत, त्यांना विचारते, असं तिने सकाळीच आईला सांगितलं होतं म्हणे. दोघी अरबीत बोलल्या. आईने हात छातीवर ठेवला आणि घाईघाईने काहीतरी विचारलं. ही मान हलवून हो म्हणाली. फोन ठेवून तिने सीटबेल्ट लावला.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, की ते खूप सज्जन आहेत. चौकशी करतो म्हणाले."

"आणि आई काय विचारत होती?"

"भावाचं पूर्ण नाव त्यांनी नीट लिहून घेतलं का, ते विचारत होती."