धाकट्याच्या घरचं पाणी

निवृत्तीनंतर बाकीचे गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळले, पण त्या दोन कुऱ्हाडी आजही वेगळ्या आठवतात.

मी अकोटकडच्या एका पोलीस ठाण्यात होतो. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा देत वर आलो. वडील बैलबाजारात दलाल, त्यामुळे सौदा मला लहानपणापासून कळतो. वरिष्ठांशी वाजलं म्हणून गुन्हे शाखेऐवजी माझ्याकडे गावोगावच्या पोलीस पाटलांना तंटे मिटवायला शिकवण्याचं काम आलं. तो राग अजून गेलेला नाही. तरी दर शनिवारी ठाण्यात वर्ग घ्यायचो. फळ्यावर तीन नियम असत : दोघांचं ऐका, मध्ये बोलू नका, आणि कोणाच्याही घरचं पाणी घेऊ नका. पाणी घेतलं की विरुद्ध पार्टी म्हणते, हा त्यांचा झाला.

एका सकाळी जवळच्या एका गावचा लोहार ठाण्यात आला.

"साहेब, दोघं भावायनं एकाच हप्त्यात कुऱ्हाडीले धार लावून नेली. हे लाकडं तोडाचे दिवस नाईत."

दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता. पेरणीला आठ दिवस राहिले होते, आणि पहिला वखर धुऱ्याला लागला की मुडदा पडणार हे दिसत होतं. कुऱ्हाडी जप्त केल्या असत्या, पण शेतकऱ्याच्या घरात विळा उरतोच.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. थोरला म्हणाला, "मोजणी करा, निघन ते कबूल." धाकट्याला मी त्याहून हातभर जास्त मिळवून द्यायला तयार होतो.

"मले नाई पायजे."

"काहून?"

"नाई म्हंजे नाई."

मी टेबलावर हात आपटला. फायद्याचा सौदा नाकारणाऱ्याचं दुखणं मालात नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या पोलीस पाटीलबाईंना घेऊन त्याच्या घरी गेलो. बाई माझ्याच वर्गातल्या. धाकट्याच्या बायकोनं पाण्याचे दोन गिलास आणले. मी हातानंच नको म्हटलं. बाईंनी गिलास उचलला आणि रिकामा केला.

धाकटा उठून दाराशी गेला. तिथं कुऱ्हाड टेकवलेली होती. "तुमालेई आमच्या घरचं चालत नाई, साहेब?" तो म्हणाला आणि आत गेला.

जीपमध्ये मी बाईंवर ओरडलो. नियम मोडला म्हणालो, वर्गातून काढतो म्हणालो. बाईंनी पदर सावरला.

"साहेब, यानं दुसऱ्या जातीची बायको केली. सात वर्सं झाले, थोरल्यानं त्या घरचं पाणी पेलं नाई. तुमी आज थोरल्याच्या पंगतीत बसले."

"आणि थोरला म्हणेल तुम्ही धाकट्याच्या झाल्या, तेव्हा?"

"त्याच्याकडं जाऊन चहा पेते. दोनदा."

त्या खरंच गेल्या, आणि थोरल्याशी सौदाही केला : मोजणी त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पण बैठक धाकट्याच्या अंगणात. थोरल्यानं हो म्हणायला दोन दिवस घेतले.

पेरणीच्या आदल्या दिवशी सगळे बसलो. धाकट्याच्या बायकोनं पाण्याचे गिलास आणून मध्ये ठेवले. कोणी हललं नाही. थोरला गिलासाकडे बघत होता, धाकटा थोरल्याकडे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गिलास उचलला आणि प्यालो. मग थोरल्यानं दुसरा उचलला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, उरलेलं तो प्याला.

धाकटा झटकन उठून घरात गेला. मी पट्ट्यातल्या पिस्तुलाकडे हात नेला. बाहेर आला तो कुऱ्हाड घेऊनच. ती त्यानं थोरल्याच्या पायाशी ठेवली.

"धुऱ्याचं तू म्हनशीन तसं, दादा."

ठाणे दैनंदिनीत एक ओळ लिहिली : आपसात समझोता झाला. खून झाला असता तर तपासाबद्दल बक्षीस तरी मिळालं असतं. तंटे मिटवण्याचं प्रशस्तिपत्र अमरावतीला वेगळ्याच साहेबांना मिळालं. त्यांनी कधी कोणाच्या अंगणात बूड टेकलं नव्हतं.

मी सौदा शिकवत होतो. समोरच्याला काय हवं ते विचारण्याआधीच भाव सांगत होतो. नियम चुकीचा नव्हता, पण कोणत्या घरात तो मोडायचा हे गावात राहणाऱ्यालाच कळतं. पुढच्या शनिवारी मी फळ्यावरचा तिसरा नियम पुसला, खडू बाईंच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.