आत्याने बिघडवलेला चहा

माणूस कशाने हलतो हे अख्ख्या पुण्यात कोणाला कळत असेल, तर आमच्या बिबवेवाडीच्या आत्याला. बाकीच्यांनी मानसशास्त्राच्या पदव्या खुशाल भिंतीवर टांगाव्यात. तिच्या मते कोणी कौतुकावर चालतो, कोणी धाकावर, तर कोणी निव्वळ खुन्नस म्हणून. तिच्या सोसायटीचे चेअरमन गळकी टाकी काही केल्या दुरुस्त करत नव्हते. आत्या जिन्यात त्यांना एवढंच म्हणाली, "राहू द्या हो, शेजारच्या चेअरमनना विचारते, त्यांना जमतं." दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लंबर टाकीवर. माझ्या मुलीला गणिताला बसवायचं, तर ही स्वतःच "मला जरा शिकव गं" म्हणून वही घेऊन बसते आणि मुद्दाम चुकते. आमच्या घराण्यात एवढं डोकं दुसऱ्या कोणाला नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगते.

पण खरी कसोटी लागली ती बाबांच्या वेळी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि बाबांनी जे अंथरूण धरलं ते सोडेचनात. आत्ता चालले नाहीत तर कायमचे झोपून राहतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी रडले, भावाने मोबाईलवर प्रेरणादायी भाषणं ऐकवली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून. मग आत्या आली, धाकट्या बहिणीच्या हक्काने थेट स्वयंपाकघरात शिरली आणि चहा केला. चहाच्या बाबतीत आमचे बाबा पक्के सोवळ्यातले, आणि हिने थंड दुधातच पावडर टाकून गॅस लावला.

"याला चहा म्हणतात?" पहिल्याच घोटाला बाबा उखडले.

"मग ऊठ आणि करून दाखव, दादा."

त्यानंतर आत्या रोज बस बदलत येरवड्याला आमच्याकडे यायची आणि रोज नव्या तऱ्हेने चहा बिघडवायची. हळूहळू बाबा वॉकर ढकलत ओट्यापर्यंत जाऊन, तिला बोल लावत, स्वतः चहा उकळू लागले.

आता ते काठीसुद्धा विसरतात. "दादा हट्टावर चालतो, मला बरोबर ठाऊक," ही हकीकत आत्या प्रत्येक लग्नात सांगते. परवा मी हसत बाबांना म्हटलं, "आत्याने तुम्हाला छान बनवलं."

बाबा गाळणं धूत म्हणाले, "अगं, तिच्या हातचा चहा मी लहानपणापासून पितोय. माझ्यापेक्षा चांगला करते. दुखरे गुडघे घेऊन ती इतक्या लांबून रोज वाईट चहा करायला येत होती. मग मला उठायला नको?"

आत्याला मी हे सांगितलेलं नाही. हल्ली तिच्याने बसची पायरी चढवत नाही, म्हणून बाबाच तिच्याकडे जातात. तिने ती हकीकत काढली की मान खाली घालून निमूट ऐकून घेतात.