पाण्यात जायला चढायचं

आमच्या नंदाखाल गावचा सुतार माणसांच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. दारात कोणी आलं की आधी त्याच्या गुडघ्यांवर नजर, मग पावलांवर, आणि मगच "हां, बोला." पायांत तो काय वाचतो, याचं मला फार कुतूहल होतं.

कुवेतहून परतलेल्या माझ्या शेजाऱ्याने केळीच्या वाडीत गरम पाण्याचा मोठा टब बसवला आणि लाकडी पायऱ्या करायला याला बोलावलं. सुतार टबाभोवती बराच वेळ फिरला.

"वाडीतल्या बावखळाच्या पाण्यात उतरायला पुष्कळ पायऱ्या केल्या," तो म्हणाला. "पाण्यात जायला आधी चढायचं, हे आजच बघतोय."

पायऱ्या सुबक झाल्या. फक्त सगळ्यात खालची इतकी रुंद, की तिच्यावर मांडी घालून बसावं. शेजारी वैतागला.

"अंकल, ही पायरी आहे की ओटा?"

"पाण्यापाशी धुणं घेऊन कोणी आलं, तर बसेल कुठे?"

"टबापाशी धुणं कोण आणणार?"

सुताराने घराच्या ओट्यावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या आईच्या ओल्या, भेगाळलेल्या पावलांकडे तेवढं बघितलं आणि पायरीवरचा भुसा फुंकला.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना मी, शेजारी आणि सुतार असे तिघे बरोबरच वाडीत शिरलो. खालच्या पायरीवर शेजाऱ्याची आई ऐसपैस बसली होती. टबातलं कढत पाणी बादलीत घेऊन ती नातवाची पँट दणादण आपटत होती.

"एवढं गरम पाणी, वाया कशाला घालवायचं?" ती म्हणाली.

सुताराने मान वर केली आणि पहिल्यांदाच शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निवांतपणे.